चंद्र पाहणे आणि चंद्र काढणे



या मंडपात या आठवड्यात मोठमोठी माणसे बोलून गेली. त्यांच्या मागोमाग एका ड्रॉइंग मास्तराने उभे राहावे, यात थोडे धाडस आहे, याची मला जाणीव आहे. मी ज्योतिर्विद नाही. गणिताशी माझे कधी फारसे जमले नाही. सव्वीस वर्षे या साताऱ्यात मुलांकडून मडकी, किटल्या आणि निसर्गदृश्ये काढून घेतली आणि त्याच काळात केव्हातरी चंद्र काढण्याचे वेड लागले. निवृत्तीनंतर सांगलीला राहायला गेलो, तेव्हा भांडीकुंडी ट्रकमध्ये घातली आणि दुर्बीण मात्र मांडीवर घेऊन गेलो. तेवढ्या अधिकारावर मी बोलणार आहे.

चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी ‘चंद्राची चित्रे’ असे सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे फोटो दाखवणार का?” मी म्हटले, “नाही, हाताने काढलेली चित्रे.” ते क्षणभर गप्प राहिले. त्यांच्या मनात जे आले ते आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. आपल्या चांद्रयान-२ ची फिरती प्रयोगशाळा २०१९ साली चंद्राभोवती पोहोचली आणि तिच्यातील कॅमेऱ्याने फूटभर आकाराच्या वस्तू टिपता येतील इतकी बारीक छायाचित्रे घेतली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, ते आपण सर्वांनी घरोघरी पाहिले. असे असताना एखाद्या म्हाताऱ्याने गच्चीवर सहा इंची आरशाची दुर्बीण लावून, गुडघ्यावर फळी ठेवून, पेन्सिलीने विवरे काढीत बसावे, याला काय म्हणावे?

याचे उत्तर मी लगेच देत नाही. आधी चंद्र कसा काढतात ते सांगतो.

पहिली गोष्ट, पौर्णिमा टाळा. आपल्याकडे दुर्बीण म्हटली की लोकांना कोजागिरी आठवते. मसाल्याचे दूध आटत असते, गच्चीवर पन्नास माणसे जमतात आणि प्रत्येक जण दुर्बिणीला डोळा लावून “वा!” म्हणून बाजूला होतो. ती ‘वा’ शिष्टाचाराची असते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर समोरासमोर पडतो, त्यामुळे आपल्याला तेथे सावली म्हणून दिसत नाही. सावली नाही म्हणजे उंचसखल कळत नाही. चुन्याने सारवलेल्या भिंतीवर भर दुपारी ऊन पडावे, तसा तो चंद्र दिसतो. टायको विवरापासून निघालेले पांढरे पट्टे तेवढे त्या रात्री उत्तम दिसतात, पण काढणाऱ्याच्या हाताला त्यात काही काम नाही.

काम असते ते उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर. या सीमेला मी संधिरेषा म्हणतो. त्या रेषेवर चंद्राच्या त्या त्या जागी सूर्य उगवत असतो, शुद्ध पक्षात उगवतो आणि वद्य पक्षात मावळतो. सकाळी आठ वाजता आपल्या अजिंक्यताऱ्याची सावली किती लांब पडते ते आठवा आणि तोच डोंगर बारा वाजता किती चपटा वाटतो तेही आठवा. चंद्रावर हीच गोष्ट आहे, फक्त तेथील सकाळ आपल्या कित्येक दिवसांची असते.

येथे आपल्या पंचांगाची एक गंमत सांगतो. ती कळायला मला दहा वर्षे लागली आणि कोणत्याही ज्योतिषाला ती दहा मिनिटांत कळेल. तिथी म्हणजे काय? सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे गेला की एक तिथी झाली. आता चंद्र सूर्यापासून जितके अंश पुढे जातो, तितकेच अंश ही संधिरेषा चंद्राच्या गोलावरून सरकते. म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी हे चंद्रावरच्या सूर्योदयाचे घड्याळच आहे! तृतीयेला पेटाव्हियस विवरावर सूर्य उगवतो, षष्ठीला थिओफिलसवर, नवमीला प्लेटो आणि टायकोवर, दशमी लागता लागता कोपर्निकसवर आणि द्वादशीला अरिस्टार्कसवर. पाश्चात्त्य निरीक्षकांना यासाठी वेगळी कोष्टके पाहावी लागतात. आपल्या घरात उपासासाठी आणि श्राद्धासाठी आणलेले दाते पंचांग त्या कामाला पुरते. एक खुलासा मात्र केला पाहिजे. चंद्र आपल्याकडे तोंड करून असला तरी तो ते तोंड किंचित डावीउजवीकडे वळवीत असतो, डोलतो म्हणा ना. म्हणून हे वेळापत्रक अर्ध्यापाऊण तिथीने मागेपुढे होते. एस.टी.चे होते तितपत.

बारा अंश म्हणजे चंद्राच्या विषुववृत्तावर सुमारे ३६० किलोमीटर. साताऱ्याहून सांगलीला रस्त्याने तीन वेळा गेल्याइतके अंतर. एका तासात ही रेषा पंधरा-सोळा किलोमीटर सरकते. हा वेग बरोबर सायकलवाल्याचा आहे. चंद्रावरची पहाट सायकलने येते, असे मी मुलांना सांगत असे. आणि त्यावर मुले विचारीत, “सर, मग आपणही सायकल मारली तर तिच्या पुढेच राहू ना?” अगदी खरे आहे. चंद्राच्या विषुववृत्तावर दमदार सायकलस्वाराला कायम पहाटेतच राहता येईल.

या वेगाचा चित्र काढणाऱ्याला चांगलाच जाच होतो. कोपर्निकस विवराचा व्यास ९३ किलोमीटर आहे. आपल्या साताऱ्यापासून तासगाव सरळ रेषेत जितके दूर, जवळजवळ तितका. त्याच्या काठाची सावली तळावर पडलेली आपण काढायला घेतली आणि चाळीस मिनिटे रेंगाळलो, तर संधिरेषा तेवढ्यात दहा किलोमीटर पुढे गेलेली असते. सुरुवातीला काढलेली सावली आणि शेवटी काढलेली सावली एकाच चित्रात एकमेकींशी भांडू लागतात. म्हणून नियम असा, की आधी विवराचा घेर हलक्या हाताने मांडायचा, मग लगेच सावल्यांच्या कडा घ्यायच्या आणि घड्याळ पाहून वेळ लिहायची. काळे भरणे, उतार घासणे, मध्यशिखराचा उजेड राखणे ही कामे नंतर सावकाश करता येतात. मऊ पेन्सिल, गुळगुळीत ड्रॉइंग पेपर, घासायला कागदाची सुरळी आणि खोडरबराचा धारदार तुकडा एवढे साहित्य पुरे. खोडरबर येथे चूक पुसण्यासाठी नाही, प्रकाश काढण्यासाठी आहे. शिखरावरचा उजेडाचा ठिपका कागदाच्या काळ्यातून रबराने उचलायचा असतो.

चित्राखाली तिथी, वेळ, दुर्बिणीचा आकार, किती पट मोठे दिसत होते आणि हवा कशी होती हे लिहायचे. हवा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. साताऱ्याचे आकाश स्वच्छ, यात वाद नाही. पण संध्याकाळ झाली की यवतेश्वराच्या बाजूने वारा उतरतो आणि दुर्बिणीतला चंद्र, ओढ्याच्या तळाशी पडलेले नाणे हलावे तसा हलू लागतो. सांगलीला आकाश मळकट. कृष्णाकाठचे धुके, उसाच्या फडांचा धूर, शहराचे दिवे. मी तिकडे गेलो तेव्हा मित्रांनी सहानुभूती दाखवली. पण पहिल्याच हिवाळ्यात एका धुरकट रात्री मी प्लेटोच्या तळावरची बारीक विवरे पाहिली. साताऱ्यात इतक्या वर्षांत ती मला कधी दिसली नव्हती. सपाट मुलखातली ती जड हवा आळशी होती, हलत नव्हती. तारे मोजायला सातारा चांगला, चंद्र काढायला सांगली चांगली. सातारकरांनी रागावू नये.

दुर्बिणीविषयी थोडेच सांगतो, कारण त्यावर बोलू लागलो तर मध्यरात्र होईल. दोन जाड गोल काचा घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी आणि पाणी, आणि एक काच दुसरीवर घाशीत बसायचे. वरची काच आपोआप खोलगट होत जाते. बारीक, आणखी बारीक भुकटी, शेवटी राळेवर जवाहिऱ्याच्या लाल भुकटीने पॉलिश. माझ्या आरशाला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा लागला. नळी पत्र्याच्या कारागिराने केली. ही काही अचाट गोष्ट नाही. पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. महाराष्ट्रात हौशी आकाशदर्शनाची परंपरा तेव्हापासून आहे आणि आरसे घासणारी माणसे पुढेही निघत राहिली. सहा इंची आरशातून, हवा फारच चांगली असेल तर, चंद्रावरची दीड-दोन किलोमीटरची वस्तू ओळखता येते. त्याहून बारीक पाहण्याची हाव धरू नये.

घराच्या गच्चीवरून केवढे काम होऊ शकते, याचा दाखला हवा असेल तर बर्लिनचा घ्या. तेथे व्हिल्हेल्म बेअर नावाचा एक सावकार होता. त्याने आपल्या घरावर पावणेचार इंची भिंगाची दुर्बीण बसवली आणि योहान मेडलर नावाच्या शिक्षकाला जोडीला घेतले. सुमारे सहाशे रात्री खपून या दोघांनी १८३४ ते १८३६ या काळात चंद्राचा चार पत्र्यांचा नकाशा छापला. पुढे चाळीसएक वर्षे त्याच्या तोडीचा नकाशा झाला नाही. सावकार आणि शिक्षक एकत्र येऊन एखादे चांगले काम झाल्याचे माझ्या माहितीतले हे एवढेच उदाहरण.

पण डोळ्याला दुर्बीण लावली म्हणजे दिसतेच, असे मात्र नाही. १६०९ सालच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियट याने दुर्बिणीतून पाहून चंद्राचे चित्र काढले. माहीत असलेल्या अशा चित्रांत ते सर्वांत जुने. गॅलिलिओच्या चार महिने आधीचे! हॅरियट गणितात तरबेज होता. पण ते चित्र पाहिले तर त्यात काय आहे? एक वेडीवाकडी रेघ आणि काही काळसर डाग. विवर नाही, डोंगर नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने चंद्र काढला, तेव्हा त्याच्या कुंचल्यातून खड्डे उतरले, काठ उतरले, अंधारात चमकणारी शिखरे उतरली. दुर्बिणीचा फरक होताच, गॅलिलिओची अधिक चांगली होती. पण त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते, उजेडावरून उंची ओळखणे त्याच्या हातात मुरलेले होते. मौज पुढेच आहे. १६१० साली गॅलिलिओचे पुस्तक निघाले आणि त्यानंतरच्या हॅरियटच्या चित्रांत विवरे दिसू लागली. एकदा कोणीतरी सांगितल्यावर डोळ्याला दिसू लागते.

ड्रॉइंग मास्तर म्हणून मला ही गोष्ट फार आवडत असे. वर्गात मी ती मोठ्या अभिमानाने सांगत असे. चित्रकला शिकलेल्या माणसाला जे दिसते ते गणितज्ञालाही दिसत नाही, वगैरे. त्या गोष्टीची दुसरी बाजू माझ्या लक्षात यायची होती. सांगितल्यावर जर दिसू लागते, तर चुकीचे सांगितल्यावर चुकीचेही दिसू लागेल, आणि बरोबर दिसलेलेही एखादा सांगणारा पुसून टाकील.

ती हकीकत आता सांगतो. या गावातच ती घडली आहे.

चंद्रावर एक सरळ भिंत आहे. नकाशात तिला ‘सरळ भिंत’ याच अर्थाचे नाव आहे. साताऱ्यात चार भिंती आहेत, चंद्रावर ही एकच. लांबी सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे सरळ रेषेत सातारा ते सांगली. उंची अडीचशे-तीनशे मीटर, म्हणजे गावातून अजिंक्यतारा दिसतो साधारण तेवढी. भिंत म्हणायचे, पण तो उभा कडा नाही. जमिनीचा एक भाग खचून झालेला तो लांबलचक उतार आहे. शुद्ध अष्टमी-नवमीला सूर्य पूर्वेकडून उगवत असताना या भिंतीची सावली पश्चिमेच्या सखल मैदानावर पडते आणि दुर्बिणीतून, कोणीतरी पट्टी लावून ओढावी तशी, एक बारीक काळीभोर रेघ दिसते. मुलांना ती फार आवडे. दर महिन्याला शाळेच्या गच्चीवर आम्ही ती काढीत असू. माझ्याजवळ अशा काळ्या रेघेची पन्नासएक चित्रे असतील.

आठवीत एक मुलगी होती. हात साधाच होता तिचा, पण टक लावून पाहत असे. शाळेची एक लहान दुर्बीण मी आळीपाळीने मुलांना घरी नेऊ देत असे. तिची पाळी आली आणि आठवड्याने तिने एक चित्र आणून दिले. त्यात सगळे जागच्या जागी होते, पण भिंत पांढरी होती. करड्या मैदानावर खोडरबराने उचललेली एक लखलखीत पांढरी रेघ.

मी म्हटले, “भिंत काळी असते.”

ती म्हणाली, “सर, पांढरी दिसली.”

“नीट पाहिलं नसशील. इतक्या मुलांनी काढली आहे, सगळ्यांची काळी आहे.”

ती काही बोलली नाही. आणि मी, म्हणजे चित्रकलेच्या शिक्षकाने, माझ्या टेबलावरची काळी शाई घेतली, पट्टी ठेवली आणि तिच्या चित्रावर ती रेघ काळी करून दिली. वर समजावणीच्या सुरात सांगितले, “असं. आता बरोबर झालं.”

दोन-तीन महिन्यांनी घरात एक आजारपण होते आणि मी रात्रीचा जागा होतो. पहाटे चारच्या सुमारास बाहेर आलो तर वद्य अष्टमीचा अर्धा चंद्र माथ्याकडे चालला होता. दुर्बीण अंगणातच झाकून ठेवलेली होती. सहज डोळा लावला. भिंत पांढरी होती.

त्यात नवल काहीच नव्हते. वद्य पक्षात त्या भागावर सूर्य पश्चिमेला कललेला असतो. भिंतीचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन थेट तिच्या अंगावर पडते आणि ती चमकते. शुद्ध पक्षात सावली, वद्य पक्षात उजेड. कोणत्याही चांगल्या पुस्तकात हे असते, माझ्या शेल्फवरच्या पुस्तकातही होते. पण शाळेची मंडळी संध्याकाळी जमत, आणि वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो. पन्नास चित्रे माझ्याजवळ होती, ती सगळी एकाच उजेडातली. मी त्यांना पन्नास साक्षीदार समजत होतो. तो एकच साक्षीदार पन्नास वेळा बोलला होता.

त्या मुलीच्या घरी पहाटे चारला नळाला पाणी येत असे. पाणी भरायला ती उठत असे आणि हंडा भरेपर्यंत तिने चंद्र काढला होता. चित्राखाली तिने वेळ लिहिली होती, ‘पहाटे ४-२०’. मीच शिकवले होते ना, वेळ लिहावी म्हणून! ती ओळ मी वाचलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सर्वांसमोर सांगितले की माझी चूक झाली आणि तिचे चित्र बरोबर होते. ती म्हणाली, “सर, मी तेव्हाच म्हटलं होतं.” रागाने नाही, नुसते सांगितले. मी तिला चित्र पुन्हा काढायला सांगितले. तिने काढले, पण ते नकाशावरून काढल्यासारखे झाले. पुढे तिने दुर्बीण घरी नेली नाही. पाळी आली की म्हणे, अभ्यास आहे. असेलही. शाई पुसता येत नाही. ते चित्र तिने मला देऊन टाकले आणि ते मी आज येथे आणले आहे. काळ्या रेघेच्या एका टोकाला माझी पट्टी किंचित सरकली होती आणि तेवढ्या जागी खालची पांढरी रेघ अजून दिसते.

असो. या गोष्टीच्या नेमकी उलट अशी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून ही पुरी होत नाही. नाहीतर आपण असे समजाल की डोळ्याला दिसेल ते सारे खरे.

२९ जुलै १९५३ च्या रात्री अमेरिकेत जॉन ओनील नावाच्या एका पत्रकाराने आपल्या दुर्बिणीतून चंद्रावरचा ‘संकटांचा सागर’ पाहिला. आपण डोळ्यांनी पाहतो तेव्हा चंद्राच्या कडेजवळ जो वेगळा, लंबगोल काळा डाग दिसतो तो हा. या सागराच्या पश्चिम काठावर दोन भूशिरे समोरासमोर आहेत. मावळत्या सूर्याचा उजेड त्या दोघांच्या मधून, जणू कमानीखालून यावा, तसा येताना ओनीलला दिसला. त्याने जाहीर केले की चंद्रावर एक प्रचंड पूल आहे. तो बिचारा महिनाभरातच वारला. इंग्लंडमधले ह्यू विल्किन्स, ज्यांनी स्वतः चंद्राचा तीनशे इंची नकाशा केला होता, त्यांनीही तो पूल पाहिल्याचे सांगितले. आणि मग गवगवा झाला. चंद्रावर पूल कोणी बांधला, इथपर्यंत गोष्ट गेली. पूल नव्हता. तिरपा उजेड, दोन उंचवटे, मधली खिंड आणि हवेची थरथर, एवढ्यातून तो उभा राहिला होता. पुढे यानांनी घेतलेल्या छायाचित्रांत त्याचा मागमूस नाही.

हे मी वाचले तेव्हा त्या तारखेची तिथी काढून पाहिली. २६ जुलै १९५३ ला पौर्णिमा होती, त्या दिवशी चंद्रग्रहणही होते. म्हणजे ओनीलची रात्र वद्य चतुर्थीच्या आसपासची. चतुर्थी! सांगलीत राहणाऱ्या माणसाला वद्य चतुर्थी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गणपतीचे गाव ते. महिन्यातून एकदा अख्खी गल्ली चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर असते. ज्या उजेडात ओनीलला पूल दिसला, त्याच उजेडाची वाट संकष्टीला उपाशीपोटी पाहणारी इतकी माणसे जगात आणखी कोठे असतील? मी ठरवले की दर संकष्टीला हा पूल शोधायचा.

चंद्र उगवला की लगेच पाहून उपयोग नाही, तेव्हा तो क्षितिजाजवळ उकळत असतो. लोकांचे नैवेद्य, जेवणे होईतो दीड-दोन तास जातात, तेवढ्यात तो वर येतो आणि निवळतो. गल्लीतली पाच-सहा मुले आणि दोन प्रौढ गृहिणी यांना मी कागद दिले. पूल हा शब्द मी कोणापाशी उच्चारला नाही. ‘या काठावर जे दिसेल ते काढा’ एवढेच सांगितले. साताऱ्यात भरलेली फी मी सांगलीत वसूल करीत होतो म्हणा. दोन वर्षे हे चालले. पावसाळ्याच्या संकष्ट्या वाया गेल्या आणि चंद्राच्या डोलण्यामुळे सूर्य कधी आधीच मावळलेला असे, तर कधी अजून बराच वर असे. नेमका तो उजेड सहा-सात वेळाच मिळाला. हवा थरथरत असताना काढलेल्या चित्रांपैकी तिघांच्या चित्रांत दोन भूशिरे वरून जोडलेली होती, म्हणजे चक्क कमान होती! हवा स्थिर असताना एकानेही कमान काढली नाही. त्यात मध्ये मोकळी जागा होती आणि पलीकडे उजेडाचा एक तुकडा.

कमान काढणाऱ्यांत एक आजी होत्या. त्यांना मी नंतर सगळी कथा सांगितली. त्या म्हणाल्या, “मला जोडलेलं दिसलं, मी जोडलेलं काढलं. पूल तुम्ही म्हणताय.”

मला वाटते, ओनीलला हे सांगणारे कोणी भेटले असते तर बरे झाले असते. त्याचे डोळे खोटे बोलत नव्हते. दिसलेल्याला नाव देण्याची घाई झाली, ते काम काही रात्री थांबू शकले असते. त्या मुलीने पांढरी रेघ काढली आणि तिला कसलेही नाव दिले नाही. नाव माझ्यापाशी तयार होते आणि मी ते शाईने लिहून टाकले.

आता चिटणिसांच्या प्रश्नाकडे येतो. छायाचित्र असताना चित्र कशाला? यानाचे छायाचित्र चंद्राविषयी मला माझ्या शंभर चित्रांहून अधिक सांगते, यात मला संशय नाही. उंची हवी तर ती सावलीवरून काढण्याची युक्तीही आता केवळ गंमतीपुरती राहिली आहे. सूर्य क्षितिजापासून सहा अंश वर असेल आणि डोंगराची सावली तीस किलोमीटर असेल, तर डोंगर सुमारे तीन किलोमीटर उंच. मुलांना हे गणित फळ्यावर करायला आवडते, कारण सावली त्यांनी स्वतः मोजलेली असते. चंद्राला माझ्या चित्राची गरज उरलेली नाही. पण छायाचित्रात मी काही चुकू शकत नाही, आणि जेथे चुकता येत नाही तेथे माझे डोळे किती खरे पाहतात हे मला कळायला मार्ग नाही. चंद्र त्यासाठी फार सोयीचा आहे. तो दर महिन्याला त्याच उजेडात परत येतो आणि आपला कागद तपासून देतो. माणसांच्या बाबतीत इतकी सोय नसते.

चांद्रयान-३ उतरले ती तिथी श्रावण शुद्ध सप्तमी होती. उतरण्याच्या जागी सूर्य नुकताच वर आला होता. यानाला दिवसभराचे ऊन हवे होते, म्हणून पहाट निवडली. आपला एक चौदा दिवसांचा दिवस त्याने काम केले. त्या संध्याकाळी सगळा देश दूरचित्रवाणीसमोर होता. मी थोडा वेळ पाहिले आणि मग अंगणात गेलो, ढगांत फट होती. उतरण्याची जागा मला अर्थातच दिसणे शक्य नव्हते. दक्षिण ध्रुवाकडची खडबडीत कड आणि तिच्यावर लांब सावल्या, एवढे पंधरा मिनिटे दिसले. ते काढले, वेळ लिहिली.

वेळ बरीच झाली. आज वैशाख शुद्ध नवमी आहे आणि चंद्र जवळजवळ डोक्यावर आहे. वारा फारसा नाही. बाहेर मैदानात दुर्बीण लावून ठेवली आहे, शेजारच्या टेबलावर कागद आणि पेन्सिली आहेत. दुर्बिणीत चित्र उलटे दिसेल, दक्षिण वर येईल, त्याने गोंधळू नका, दिसेल तसेच काढा. भिंत कोठे आहे ते मी दाखवीन, कशी आहे ते सांगणार नाही. वद्य अष्टमीला मी पुन्हा येथेच येणार आहे, रात्री दोननंतर. तेव्हा रांग नसते. आजची रांग मात्र लहान मुलांपासून लावावी आणि नेत्रभिंगाला कोणी बोट लावू नये.